वाल शिजवून घेतलेलं घर

घर बघायला जाताना माणसं इस्त्रीचे कपडे घालतात. माझी आई स्टोव्ह घ्यायची. हिरव्या पत्र्याचा, वातीचा, आतलं घासलेट सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी सरळ धरलेला, जशी काही गणपती आणायला निघाली आहे. काखेत टोप, कमरेला काड्यापेटी आणि ओल्या फडक्यात बांधलेले, आदल्या दिवशी भिजवलेले मूठभर वाल. ज्या जागेच्या पाण्यात वाल शिजत नाहीत ती जागा घ्यायची नाही, असा तिच्या माहेरचा कायदा होता. पोरगी द्यायची असली तरी तेच. तिचं लग्न ठरवायला तिचे आजोबा आमच्या गावी आले तेव्हा त्यांनी नवरामुलगा नीट पाहिलासुद्धा नाही. कनवटीतून वाल काढले, आमच्या विहिरीच्या पाण्यात शिजवायला लावले, दोन बोटांत दाबून बघितले आणि म्हणाले, मुलगी दिली. बाबा ही गोष्ट सांगताना छाती पुढे काढायचे, जणू शिजलेले वाल म्हणजे तेच.

गेल्या महिन्यात नात मला एका टॉवरचा सॅम्पल फ्लॅट बघायला घेऊन गेली. थंडगार हवा, कोचावर उश्या, टेबलावर प्लास्टिकची केळी. वसईच्या माणसाला प्लास्टिकची केळी दाखवतात, बोला. तिथल्या मुलीला मी विचारलं, पाणी कुठलं? ती म्हणाली, अंकल, चोवीस तास. मी म्हटलं, किती वेळ ते नाही विचारलं, कुठलं ते विचारलं. ती हसली आणि तिने मला कोल्ड कॉफी आणून दिली. नातीने कोपराने ढोसलं. घरी आल्यावर म्हणाली, आजोबा, तुम्हाला पाण्याचं एवढं काय पडलंय ते एकदा लिहून तरी काढा. म्हणून हे लिहितो आहे. शुद्धलेखन तपासते म्हणाली, तर मी वही काढून घेतली. मी चौथी नापास आहे, पण माझी गोष्ट माझ्या काना-मात्रांनीच जाईल.

आमचं गाव खाडीच्या काठाला. भाताची शेतं, मग बांध, मग खाडी. एका मोठ्या उधाणाला बांध फुटला आणि भरतीचं पाणी आत शिरलं ते कितीतरी दिवस हटलं नाही. शेत पुढच्या पावसांनी थोडंफार धुऊन निघालं, विहीर मात्र बिघडली ती बिघडलीच. आधी मचूळ लागायची, मग चक्क खारट. आमच्या घरात भाताला मीठ घालायचं बंद झालं. चहात दूध घातलं की फाटायचं, म्हणून आम्ही कोरा चहा प्यायला लागलो आणि पाहुण्यांना सांगायला लागलो की आम्हाला तोच आवडतो. साबणाला फेस म्हणून येत नसे. दगडावर कपडे आपटल्याचा आवाज गावभर, मळ जागच्या जागी. बाबा मात्र हे कबूल करायला तयार नव्हते. आधी म्हणायचे, पावसाळा येऊ दे, गोड होईल. पावसाळा येऊन गेला की म्हणायचे, खारं पाणी पोट साफ ठेवतं. ते मात्र खरं होतं, त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

पिण्याचं पाणी आई बांधावरून पलीकडच्या गावातून आणायची. सकाळी दोन हंडे, संध्याकाळी दोन हंडे. मी अंथरुणात पडून ऐकायचो. आधी रिकाम्या हंड्यांचा एकमेकांवर खणखण आवाज लांब जाताना, मग पुष्कळ वेळ काही नाही, मग तिच्या पावलांचा जड आवाज, आणि ओट्यावर हंडा टेकवताना तिच्या तोंडून निघालेला "हुश्श". तिला कोणी दया दाखवली की ती म्हणायची, "मला वाल बघून दिलं. वालांनी फसवलं नाय, खाडीनं फसवलं." एका पावसाळी सकाळी ती बांधावर घसरली. डावं मनगट मोडलं. गावच्या हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण वाकडंच बसलं. घरी आली ती मोडका हात पोटाशी धरून आणि चेपलेला हंडा दुसऱ्या हातात घेऊन, आणि बोलली ती फक्त हंड्याबद्दल. त्या दिवशी बाबांच्या ताटात भाजलेला बोंबील तसाच राहिला. तांदळाची भाकरी त्यांनी अर्धी मोडली आणि ठेवून दिली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "घर बघू. गोड्या पान्याचं." बाबांनी आयुष्यात माघार घेतलेली मी तेवढीच पाहिली. त्यांनी शेतातला आपला हिस्सा धाकट्या काकांना दिला आणि त्याबदली जे आलं ते आईच्या पेटीत, लुगड्याखाली ठेवलं.

आता माझं ऐका. मी तेव्हा अठराचा असेन. गिरीजच्या इनासकाकांच्या वाडीतली केळी आणि भाजी सायकलवर लादून विरारच्या बाजारात पोचवायचो. इनासकाका म्हणजे जाडजूड, बनियनवर वाडीत फिरणारा, देवभोळा आणि टोमणेबाज माणूस. विरारला फुलपाड्याच्या रस्त्यावर मोटारी रिवायंडिंग करायचं एक दुकान होतं. तिथे मी रोज उभा राहून बघायचो. जळलेल्या मोटारीतली काळी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, आणि मेलेली मोटार पुन्हा घुं करून उठायची. मला वाटायचं, हे काम मिळालं तर चौथी नापास माणूससुद्धा पंधरावी पास असल्यासारखा चालेल. शेवटी दुकानाचे शेठ म्हणाले, शिकवतो, पण कुणाची मोटार कधी जळेल सांगता येत नाही, हाक मारली की आला पाहिजेस. दिवाळीपर्यंत इथे राहायला ये, नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे. मी हो म्हणालो आणि गावात सगळ्यांना सांगून टाकलं की आपण आता विरारला मोटारवाले. ही माझी खोड अजून गेलेली नाही. आधी सांगतो, मग करायला जातो.

पहिली जागा इनासकाकांनीच दाखवली. वाडीच्या टोकाला दोन खोल्या, समोर नारळ, मागे विहीर. आईने ओट्यावर स्टोव्ह मांडला. इनासकाका बघतच राहिले. वाल असे शिजले की दाबायची गरजच पडली नाही, डावाने हलवले तर फुटले. आईने ते पाणी ओंजळीत घेतलं आणि तोंडावरून फिरवलं. मला वाटलं, झालं. पण इनासकाका म्हणाले, वाडीची जमीन विकणार नाही, भाड्याने राहा, जन्मभर राहा. बाबा तडक उठले. "भाड्याच्या घरात मेलो तर तिरडी बाहेर काढताना मालकाला विचारायचं काय?" इनासकाका म्हणाले, "मी आजच परवानगी देऊन ठेवतो ना." दोघेही हसले, पण बाबा परत बसले नाहीत. दुसरी जागा एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. बाबांनी गॅलरीतून खाली बघितलं आणि दलालाला विचारलं, ह्यातली आपली जमीन कुठली? तो म्हणाला, काका, जमीन नसते, हवा असते. तरी आईने रीतीप्रमाणे वाल टाकले. ते तासभर उकळून दगडासारखे राहिले. दलालाने एक उचलून चावून बघितला आणि दाढ धरून बसला. गणपती झाले, नवरात्र लागलं, जागा मिळेना, आणि शेठ मला बघितलं की दिवाळीला किती दिवस राहिले ते विचारायचे.

मग मला फुलपाड्यातलं शिर्क्यांचं घर सापडलं. शिर्के नोकरी सोडून कोकणात गावी चालले होते. चाळीच्या टोकाची दोन खोल्यांची जागा, पुढे अंगण, मागे मोरी, अंगणात हातपंप. खालची जमीनसुद्धा आपली. आणि रिवायंडिंगचं दुकान तिथून हाकेच्या अंतरावर. मी एकटाच जाऊन बघून आलो. पंप हापसला, हात धुतले, आणि साबण हातात तसाच राहिला. एक घोट घेतला. आमची गावची विहीरच इथपर्यंत चालत आली आहे असं वाटलं. मी पायरीवर बसलो. आईचं वाकडं मनगट मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण त्याच्या शेजारीच मोटारीचं घुं ऐकू येत होतं, आणि गावातले सगळे माझ्याकडे बघून हसताना दिसत होते. माणूस अठराचा असताना आईपेक्षा गाव मोठं वाटतं. आता लाज वाटते, म्हणून लिहितो.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आईबाबा जागा बघायला येणार होते. मी सकाळीच सायकल घेऊन गिरीजला गेलो. झाकणाचा म्हणून घरात एकच कॅन होता, तो घासलेटचा. राख, चिंच, साबण, सगळं लावून तीनदा धुतला. इनासकाकांच्या विहिरीवर तो भरत होतो तेवढ्यात ते चर्चमधून परत आले. पांढरा शर्ट, केसांना तेल. म्हणाले, "पानी कोनासाठी नेतोस?" मी म्हटलं, दुकानात बॅटरीत घालायला गोडं पाणी लागतं. ते म्हणाले, "आज आयतार हाय रे काशिनाथ. आज तरी खरं बोल." मी झाकण लावलं आणि पॅडल मारलं.

कॅन मी मोरीच्या भिंतीमागे लपवला. आईबाबा आले. आईच्या हातात स्टोव्ह, बाबांच्या हातात छत्री, मोजायला. बाबांनी छत्रीने दोन्ही खोल्या मोजल्या, भिंतीवर थापा मारल्या, मोरीचं पाणी कुठे जातं ते वाकून बघितलं. आईने स्टोव्ह पेटवला आणि टोप उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, आये, तुझा हात दुखतो, पंप मी मारतो. ते वाक्य मी आदल्या दिवसापासून पाठ केलं होतं, आणि तिचं तोंड कौतुकाने फुललं ते मला अजून दिसतं. मी बाहेर गेलो. एका हाताने पंपाचा दांडा वरखाली केला, आवाज व्हावा म्हणून जोरात, आणि दुसऱ्या हाताने, कॅन मांडीत धरून, टोपात पाणी ओतलं. पंपाचं पाणी माझ्या पायावर, कॅनचं टोपात, आणि थोडं उलटसुलटही. मान वर केली तर शेजारच्या दारात एक बाई तांदूळ निवडत बसलेली. तिच्या सुपातला हात थांबला होता. ती शेवंताबाई. मी तिला नमस्कार केला. दुसरं काय करणार?

वाल शिजायला लागले आणि घरभर घासलेटचा वास सुटला. बाबा म्हणाले, वात वर आली आहे. आईने वात खाली केली. वास तसाच. बाबा म्हणाले, मग वात फारच खाली गेली आहे. त्यांनी स्टोव्हला, स्टोव्ह बनवणाऱ्याला आणि घासलेट विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या, पण पाण्याला नाही. थोड्या वेळाने आईने एक वाल काढला आणि बाबांपुढे धरला. बाबांनी दाबला. "लोनी," ते म्हणाले. मग दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि टोपातलं पाणीसुद्धा पिऊन टाकलं. शिर्के तेवढ्यात आले, तर बाबा त्यांनाच त्यांच्या पाण्याची तारीफ सांगायला लागले. असं पाणी वसई तालुक्यात नाही, तुमची पुण्याई म्हणून हा पंप लागला. शिर्के आधी गोंधळले. ते स्वतः ते पाणी फक्त झाडांना घालायचे, आणि झाडंही नाखुशीने प्यायची. पण गिऱ्हाईक एवढं खूश बघून त्यांनी मान डोलवायला सुरुवात केली. मग म्हणाले, पाण्यामुळेच जीव गुंतलाय हो, एवढ्या किमतीत द्यायला मन होत नाही. मी घामाघूम. स्वतःच्या लबाडीने स्वतःचंच घर महाग होतंय हे त्या दिवशी मी उभ्या उभ्या बघितलं. नशीब, बाबा किमतीच्या बाबतीत पाण्याइतके भोळे नव्हते. ठरलं त्याच्यावर एक पैसा देणार नाही म्हणाले आणि छत्री उचलली, तेव्हा शिर्के जागेवर आले.

त्याच वेळी शेवंताबाई दारात येऊन उभी राहिली. हातात रिकामी कळशी. अगदी गरीब तोंड करून तिने विचारलं, "कुठल्या पंपाचं हो हे पाणी? म्हणजे मीपण भरून घेते." शिर्क्यांनी खोकून घेतलं. बाबा अंगणाकडे हात करून म्हणाले, हा काय, तुमच्या डोळ्यासमोरचा. ती म्हणाली, "अगंबाई. ह्याचं पाणी असं आहे होय?" आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. मग आईने माझ्याकडे बघितलं. आधी माझ्या ओल्या पायाकडे, मग तोंडाकडे, मग मोरीच्या बाजूला. तिने बोटावर एक थेंब घेऊन जिभेला लावला, टोपाच्या काठावरचा, आणि जरा वेळ डोळे मिटून बसली. मला वाटलं, संपलं. मोटार गेली, घर गेलं, गावात तोंड गेलं. आईने डोळे उघडले, उरलेले वाल वाटीत काढले आणि शेवंताबाईला म्हणाली, "बस गं बाय. वाल खा. शेजारीनच होनार आपन." मग बाबांकडे वळून म्हणाली, "शिजले. घ्या घर."

बाबांनी तिथेच बयाणा दिला. दिवाळीच्या चार दिवस आधी आम्ही एका टेम्पोतून फुलपाड्याला आलो. पाटा-वरवंटा, आईची पेटी, दोन कोंबड्या आणि चेपलेल्यासकट सगळे हंडे. हंडे कशाला, अंगणात पंप आहे, असं बाबा म्हणत होते. आईने ऐकलं नाही. मी पहिला दिवस दुकानात तार गुंडाळण्यात घालवला आणि राजासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आईने मला हलवलं. दारात तीन हंडे मांडले होते. मी डोळे चोळत विचारलं, हे काय?

"गिरीज लांब हाय," आई म्हणाली. "डोंगराच्या पायथ्याला एक विहीर हाय, तिचं पानी गोड हाय. शेवंताबाई वाट दाखवेल."

मी खाली मान घालून बसलो. माफी मागावी असं मनात आलं, पण तोंड उघडेना. आमच्या घरात कोणाचंच उघडत नाही. शेवटी मी एवढंच विचारलं, "आये, तुला कळलं तर घेतलंस कशाला?"

"तुला काम पायजे होतं. मला आयतं पानी पायजे होतं. दोन्ही एका घरात मिळतंय तर सोडू कशाला?"

"आनि तिसरा हंडा?"

"तो शेवंताबाईचा. तिनं तोंड बंद ठेवलंय ना, ते काय फुकट?"

तेव्हापासून मी रोज उजाडायच्या आत तीन हंडे आणत राहिलो. दोन खांद्यावरच्या काठीला टांगलेले, एक हातात. शेवंताबाई पहिल्या दिवशी वाट दाखवायला आली, त्यानंतर तिला वाट दाखवायची गरज वाटली नाही. माझं लग्न झालं, पोरं झाली, दुकानात मी मुख्य कारागीर झालो. फुलपाड्यात कुणाची मोटार जळली की काश्याला बोलवा म्हणायचे, आणि काश्या खांद्याला घट्टा पडलेला, एका बाजूला झुकून यायचा. आईने त्या घरात एकदाही हंडा उचलला नाही. संध्याकाळी ती ओट्यावर वाकडा हात मांडीवर ठेवून बसायची आणि रस्त्यावरची माणसं बघायची. बाबांना कळलं नाही, कारण गाव सोडल्यावर बाबांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उशिरा उठायला लागले. अंघोळीला पंपाचं पाणी असे, त्यात साबणाला फेस यायचा नाही, तर बाबा म्हणायचे, कंपनीवाले आता साबणात माती घालतात. पाहुणा आला की ते स्वतः उठून मी भरून ठेवलेल्या हंड्यातून तांब्या भरून आणायचे आणि त्याने घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे. "आमच्या पंपाचं हाय. वाल शिजवून घेतलंय घर." पाहुणा वा म्हणायचा, आणि मी आतल्या खोलीत खांद्याला तेल चोळत असायचो.

मग बऱ्याच वर्षांनी चाळीत नगरपालिकेचा नळ आला. धरणाचं पाणी, गोड, दारात. मी त्या दिवशी दुकानाला सुट्टी मारली. काठी मोडून चुलीत घातली आणि सगळ्यांना पेढे दिले. लोकांना वाटलं, नळाचा आनंद आहे. आईने नळाच्या पाण्यात वाल टाकले, छान शिजले. बाबा तेव्हा पुष्कळ थकले होते. त्यांना मी स्वतः पेला भरून दिला. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला खाली ठेवला.

"नाय," ते म्हणाले. "आपल्या पंपाची चव नाय ह्याला."

मी म्हटलं, बाबा, हे धरणाचं पाणी आहे, अख्खी वसई पिते. ते म्हणाले, अख्खी वसई पिऊ दे, मी म्हातारपणी चव बदलणार नाही. आणि पेल्याला पुन्हा हात लावला नाही. मी आईकडे बघितलं. आई पदराने तोंड पुसत होती, पण तिचे खांदे हलत होते. हसू आवरल्यावर ती उठली, मोरीतून एक हंडा आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"एकच," ती म्हणाली. "त्यांच्यापुरता."

बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले.